पाणंदीचा मुरूम जातो कुठे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर मागच्या आठवड्यात एका पाणंद रस्त्याचे छायाचित्र आले होते. उसाने भरलेली ट्रॉली अर्ध्या चाकापर्यंत रुतलेली आणि तिला ओढायला पुढे दुसरा ट्रॅक्टर जुंपलेला. बातमीचा सूर असा, की रस्त्याला वर्ष झाले नाही तोच चिखल झाला, म्हणजे मुरूम कागदावरच पडला असणार. तसे कधी होत नाही, असे मी म्हणणार नाही. बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाने तसे म्हटले तर लोक हसतील. पण त्या छायाचित्रातला मुरूम बहुधा खरोखर पडला होता. तो खाली गेला. त्या जागी कुदळीने फूटभर खणा, काळ्या चिखलात कालवलेला पिवळा मुरूम तिथेच सापडेल.

आमचा भाग जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा. माती काळी, खोल, चिकट. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भाद्रपदात तीच लोण्यासारखी होते. या ओल्या मातीवर मुरमाचा थर टाकून वरून भरलेली ट्रॉली नेली की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. मुरमातला दगड दाबाने खाली बसतो आणि दगडांमधल्या फटींतून चिखल वर येतो. थरात पाचवा हिस्सा चिखल मिसळला तरी त्याची ताकद जवळजवळ चिखलाइतकीच उरते, असे रस्तेबांधणीची जुनी पुस्तके सांगतात. मग पुढच्या वर्षी आणखी मुरूम पडतो आणि तोही त्याच वाटेने जातो. आमच्या शिवारातल्या एका पाणंदीने किती ट्रिपा गिळल्या, याचा हिशेब गावात कोणालाही लागणार नाही. एमबीत, म्हणजे खात्याच्या मोजमाप पुस्तकात, मात्र प्रत्येक ब्रास नोंदलेला आहे आणि माझा अंदाज आहे की त्यातल्या बहुतेक नोंदी खऱ्या आहेत.

दोष आहे तो अंदाजपत्रकात. पाणंदीचे अंदाजपत्रक करताना लांबी, रुंदी आणि थराची जाडी या तीन आकड्यांचा गुणाकार होतो, ब्रास निघतात, दरसूचीतला दर लावला की काम संपले. जाडी बहुतेक वेळा पंधरा-वीस सेंटिमीटर. ती का, असे कोणी विचारत नाही. खालची माती किती मऊ आहे आणि वरून किती ओझे किती वेळा जाणार आहे, हे दोन प्रश्न त्या कागदात नसतातच. त्यातून पाहणी होते मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा काळी जमीन दगडासारखी असते, पहार मारली तर खणकन आवाज येतो. साहेब म्हणतात, पाया चांगला आहे. त्याच जागेवर पोळ्याच्या सुमारास उभे राहून दाखवावे.

मातीची ओली ताकद मोजायची रीत जुनी आहे. प्रयोगशाळेत सीबीआर, म्हणजे माती किती ओझे सोसते याचा आकडा, काढताना नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, तो याचसाठी. उत्तम फोडलेल्या खडीला १०० धरले तर भिजलेली काळी माती २ च्या आसपास येते. कालव्याच्या कडेला, जिथे पाझर कायम आहे, तिथे १ सुद्धा. जागेवर मोजायचे तर डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर नावाचे साधन आहे. आठ किलोचा हातोडा ठरलेल्या उंचीवरून सोडायचा आणि टोकदार सळई दर ठोक्याला किती मिलिमीटर आत जाते ते लिहायचे. दोन माणसे आणि एक वही एवढ्यावर भागते. तेही नसेल तर अंगठा आहे. पावसाळ्यात वीतभर खड्डा करून तळाच्या मातीत अंगठा दाबा. सहज काही इंच आत गेला तर सीबीआर १ च्या खाली समजा, बऱ्यापैकी जोर लावून गेला तर एक-दीड, नुसता खळगा पडला तर माती बरी आहे. मूठच आत जात असेल तर तिथे रस्त्याचा विचार करण्याआधी पाण्याचा करावा.

आता ओझे. पाणंदीवर शंभर एकर ऊस आहे असे धरू. एकरी ४० टन म्हणजे ४,००० टन, आणि दोन ट्रॉल्यांच्या खेपेला २० टन म्हणजे २०० खेपा. दोन ट्रॉल्यांचे चार अॅक्सल आणि ट्रॅक्टरचे मागचे एक धरले की एका गाळप हंगामात हजार फेऱ्या झाल्या. एका अॅक्सलवर हिशेबाने सहा-साडेसहा टन येतात. मी आठ धरतो. रस्त्याच्या आखणीत प्रमाण अॅक्सल ८.१६ टनांचेच असते, आणि आपल्याकडे ट्रॉली कशी भरतात ते वेगळे सांगायला नको.

डांबर नसलेल्या रस्त्याला हजार फेऱ्यांनंतर साडेसात सेंटिमीटरपेक्षा खोल चाकोरी पडू नये, अशी अट घालू. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात मऊ मातीवर भरलेल्या गाड्या प्रत्यक्ष चालवून मोजमापे घेतली होती. त्यांवरून बसवलेले सूत्र वापरले तर सीबीआर १ असलेल्या मातीवर खडी-मुरमाचा थर लागतो सुमारे ५७ सेंटिमीटर. जवळजवळ दोन फूट! सीबीआर २ असेल तर ३७, आणि ३ असेल तर साधारण २९. आणि आपण टाकतो पंधरा. तेव्हा कंत्राटदार हरिश्चंद्राचा अवतार असला तरी ती पाणंद बसणारच होती.

या आकड्यांत पाहण्यासारखी गोष्ट पहिल्या पायरीत आहे. माती १ वरून २ वर आली तर वीस सेंटिमीटर थर वाचतो. आणि माती १ वरून २ वर येते ती पाणी काढून दिल्याने. म्हणून पहिले काम दोन्ही बाजूंना चर खोदण्याचे. चर रस्त्याच्या थराखाली चांगला फूटभर तरी खोल हवा, आणि त्याला कुठेतरी, ओढ्यात किंवा नाल्यात, तोंड हवे. तोंड नसलेला चर म्हणजे रस्त्याच्या पायथ्याला बांधलेला हौद. वरच्या थराला मधोमध उंची हवी. मुरमाच्या रस्त्याला चार टक्के उतार धरतात, म्हणजे तीन मीटर रुंद पाणंदीत मध्य हा कडेपेक्षा सहा सेंटिमीटर वर. दोरी आणि पट्टी घेऊन कोणालाही तपासता येईल. आमच्याकडच्या बहुतेक पाणंदी उलट्या आहेत, मधे खोल आणि कडेला बांध. दोन्ही वावरांचे पाणी तिथेच येते, आणि पावसाळ्यात तिथून गाडी न्यायची तर ती ओढ्यातून न्यायची.

चर का होत नाहीत, याचे कारण अभियांत्रिकीत सापडत नाही, ते सातबाऱ्यावर आहे. नकाशावर पाणंद रुंद असते, जागेवर बैलगाडी जाईल एवढीच उरलेली असते. चर खोदायचा म्हटले की दोन्हीकडचे भाऊबंद बांधावर येऊन उभे राहतात. मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ चा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. वहिवाटीचा रस्ता खुला करून देण्याची आणि बांधावरून वाट देण्याची तरतूद यांत आहे आणि तहसीलदारांना अधिकारही आहेत. पण तारखा पडत राहतात आणि तोवर निधी परत जायची वेळ येते. मग ज्या रुंदीत भांडण नाही तेवढ्यात मुरूम टाकून मोकळे होतात. अरुंद थराची कड चाकाखाली ढासळते, हे त्या घाईत कोण बघतो? यावर उपाय सांगण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच सांगतो, की मोजणी आणि हद्दीचे दगड झाल्याशिवाय मुरमाचा आदेश निघू नये. उलट चर खोदणे हे पूर्ण मजुरीचे काम आहे. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचे ६०:४० हे प्रमाण बसवताना आमची वर्षानुवर्षे दमछाक होत आली, आणि मजुरीचे इतके सोयीचे काम समोर असताना ते कोणी धरले नाही.

चरानंतर कापड. मऊ माती आणि मुरूम यांच्यामध्ये भू-वस्त्र अंथरायचे. साइटवर आम्ही त्याला जिओ-कापडच म्हणत असू. कल्पना नवी नाही. चिखलात गाडी रुतली की आपले शेतकरी चाकाखाली पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट टाकत आले आहेत. ओझे पसरवणे आणि चिखल वर येऊ न देणे ही दोन्ही कामे ते पाचट तात्पुरती करते, मग कुजते. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे कापड कुजत नाही, एवढाच काय तो फरक.

त्याचा हिशेबही मांडता येतो, आणि तो मांडलेला आहे. अमेरिकेच्या वन खात्याने जंगलातल्या कच्च्या रस्त्यांसाठी १९७७ मध्ये कापडाची मार्गदर्शिका काढली. १९८१ मध्ये झिरू आणि न्वारे या फ्रेंच अभियंत्यांनी कापड घातलेल्या बिनडांबरी रस्त्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि २००४ मध्ये झिरू आणि हान यांनी ती सुधारून प्लास्टिकच्या जाळीलाही लागू केली. गाभा सोपा आहे. मऊ चिकणमातीवर दाब वाढवत नेला तर तिच्या चिकटपणाच्या ताकदीच्या ३.१४ पट दाबाला ती जागोजागी चेपायला लागते, आणि ५.१४ पट दाबाला पूर्ण सरकते. कापड नसेल तर पहिल्या आकड्यावरच थांबावे लागते, कारण तिथून चाकोरी पडू लागते. कापड असेल तर चेपलेली माती बाजूने वर उसळू शकत नाही, म्हणून दुसऱ्या आकड्यापर्यंत जाता येते. त्याच मातीकडून दीडपटीहून जास्त काम!

सीबीआर १ च्या मातीची चिकट ताकद चौरस मीटरला सुमारे ३ टन. म्हणजे कापडाविना ९.४ टन दाब चालेल, कापडासह १५.४. चाकाखालचे चार टन मुरमाच्या थरातून पसरत पसरत खाली या दाबावर यायला किती जाडी लागेल, हे मांडले तर कापडाविना ३६ सेंटिमीटर येते आणि कापडासह २३. फरक १३ सेंटिमीटरचा. हे एकदा उभ्या राहिलेल्या चाकाचे आकडे आहेत. हजार फेऱ्यांना वर सांगितलेले ५७ लागतात आणि त्यातून हे १३ वजा करायचे. चर काढून माती २ वर आणली आणि मग कापड घातले तर ३७ मधून नऊ-दहा जातात, उरतात सत्तावीस-अठ्ठावीस. ५७ च्या जागी २७! तीन मीटर रुंदीच्या एक किलोमीटर पाणंदीत हा तीस सेंटिमीटरचा फरक म्हणजे ९०० घनमीटर, अर्थात ३१८ ब्रास मुरूम. त्याच्या बदल्यात लागते तीन हजार चौरस मीटर कापड आणि दोन चर. आपल्या तालुक्यातला मुरमाचा दर आणि खाणीचे अंतर घालून कोणीही पुढचा गुणाकार करावा. खाण दूर असलेल्या गावांत तो लगेच पटेल. आमच्या गोदाकाठी तर मुरूम लांबूनच येतो.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो, नाहीतर उद्या कापडाच्या नावाने नवी टूम निघेल. पंधरा सेंटिमीटर मुरमाखाली कापड घालून काही होणार नाही. तेवढ्या थराखाली मातीवर चौरस मीटरला सुमारे २२ टन दाब येतो आणि कापडासह माती सोसते १५. कापड फाटेल, वर लोंबकळेल, आणि लोक म्हणतील जिओ-कापड फसवे असते. तसेच जिथे खाली मुळातच मुरमाड माळ आहे, अंगठ्याने खळगासुद्धा पडत नाही, तिथे कापड घालणे म्हणजे निव्वळ बिल वाढवणे. आणि काळ्या मातीचे फुगणे-आटणे कापडाने थांबत नाही. त्यासाठी चुना मिसळण्याची वेगळी रीत आहे, चांगली आहे, पण पाणंदीवर चुना मातीत नीट कालवणारी यंत्रणा मी तरी पाहिलेली नाही.

अंथरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. जमीन सपाट न करता, खुंट-धसकटे तशीच ठेवून कापड टाकतात. रोलचे तुकडे वीतभर एकमेकांवर चढवून जोडतात. इतक्या मऊ मातीवर जोड साठ ते नव्वद सेंटिमीटरचा हवा किंवा शिवलेला हवा. डंपर थेट कापडावर घालतात. मुरूम टोकाला ओतून जेसीबीने पुढे ढकलत न्यायचा असतो, आणि चाकाखाली कमीत कमी पंधरा-वीस सेंटिमीटरचा थर झाल्याशिवाय कुठलीही गाडी वर जाता कामा नये. जेसीबीने तिथे जागच्या जागी वळायचेही नाही. चाकोरी पडली तर कडेचा मुरूम ओढून ती भरू नये, कारण त्याने कडेचा थर पातळ होतो. नवा मुरूम आणून भरावा.

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशी. तसे नाही. इंडियन रोड काँग्रेसची भू-वस्त्रांवरची पुस्तिका, एसपी ५९, २००२ पासून आहे आणि २०१९ मध्ये ती सुधारली. मुरमाच्या रस्त्यांसाठी एसपी ७७ आहे. पश्चिम बंगालमध्ये तागाचे कापड ग्रामीण रस्त्यांखाली घालून पाहिले आहे. २०२० मध्ये केंद्राने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात काथ्याचे भू-वस्त्र वापरायचे ठरवले, सात राज्यांत मिळून हजाराहून जास्त किलोमीटर. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला २० किलोमीटर होते. काथ्या काही वर्षांत कुजतो, पण तोवर खालची माती दबून घट्ट झालेली असते, असा त्यामागचा विचार. कोकणात, केरळात तो ठीक असेल. आमच्याकडे कालव्याचे पाणी दरवर्षी माती पुन्हा भिजवते, म्हणून मी पॉलिप्रॉपिलीनच्या बाजूचा. मतभेद होऊ शकतो. पण हे रस्ते ग्रामसडक योजनेचे. पाणंदींसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, त्याआधी आणि त्यानंतरही वेगवेगळ्या नावांनी योजना आल्या, आणि मी पाहिलेल्या एकाही पाणंदीच्या अंदाजपत्रकाला मातीच्या चाचणीचा कागद जोडलेला नव्हता.

हल्ली ग्रामसभेत दुसरी मागणी होते, की पाणंदी सरळ सिमेंटच्याच करा. ज्याच्या दारात ट्रॉली रुतते त्याला हेच सुचणार. पण तोंड नसलेल्या चराशेजारी, फुगणाऱ्या काळ्या मातीवर टाकलेले सिमेंटही तडकते, आणि तडकलेले सिमेंट मुरमासारखे एका दिवसात नीट करता येत नाही. शिवाय ज्या पैशात एका पाणंदीचे सिमेंट होईल त्यात मुरमाच्या किती नीट पाणंदी होतील, हे त्या सभेत कोणी विचारत नाही. दरवर्षी गाळप हंगामात मुख्य वाटेवरचा ऊस आधी जातो आणि आडवळणाचा शेतकरी तोड येऊनही ट्रॉली आत येत नाही म्हणून बसून राहतो. त्याला सिमेंटच्या यादीत नंबर लागेपर्यंत थांबा, असे कसे सांगणार?

आपल्या बातमीदारांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी असे छायाचित्र काढाल तेव्हा मुरूम किती ब्रास पडला हे जरूर विचारा, पण त्या कामाचे अंदाजपत्रक मागवून त्यात मातीचा सीबीआर कुठे लिहिला आहे आणि तो कोणत्या महिन्यात काढला, हेही विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि ज्यांच्या पाणंदी यंदाच्या आराखड्यात आहेत अशा ग्रामपंचायतींनी मार्चची वाट न पाहता गणपती-पोळ्याच्या दिवसांतच दर शंभर-दोनशे मीटरवर खड्डा घेऊन मातीची नोंद करावी, तीवर सरपंच आणि ग्रामसेवकांच्या सह्या घ्याव्यात, आणि तो कागद अंदाजपत्रकासोबत लावायचा आग्रह धरावा. शाखा अभियंत्याला त्याचा राग येणार नाही. वरून जाडी कापून आली की त्यालाही हातात काहीतरी लागते.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता व ऊस उत्पादक, गोदाकाठ, मराठवाडा
(खात्यातले काही सहकारी अजून नोकरीत आहेत, म्हणून नाव छापू नये.)

ता. क. गावात जिओ-कापडाचा रोल आलाच, तर तो वेष्टनातच, सावलीत ठेवावा आणि अंथरल्यावर लवकरात लवकर मुरमाने झाकावा. पॉलिप्रॉपिलीनला ऊन सोसत नाही, उघड्यावर राहिले तर त्याची ताकद जाते. हरिनाम सप्ताहाच्या मंडपाला कनात म्हणून आणि कडबा झाकायला ते फार छान दिसते, हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहिले.